वाचक विचारतात : पट्टे नवे कोरे, गाड्या तशाच सुसाट

गेल्या अंकात घराजवळचा रस्ता ओलांडण्याबद्दल मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषयच घेतला नाही. सगळी छापणं शक्य नाही, एकसारखी होती ती एकत्र केलीत, आणि काहींची शिवीगाळ तेवढी गाळलीये (गाडीवाल्यांनी चालणाऱ्यांना घातलेली आणि चालणाऱ्यांनी गाडीवाल्यांना, हिशेब साधारण सारखाच). मी बरीच वर्षं रस्त्यांच्या आखणीचं काम केलंय, त्यामुळे उत्तरं त्याच अंगाने येणार.

प्रश्न : ताई, आमच्या गल्लीच्या तोंडाशी खूप मागे लागून झेब्रा क्रॉसिंग मारून घेतलं. दोन महिने झाले, पट्टे पांढरेशुभ्र आहेत अजून, पण एक गाडी थांबेल तर शपथ. उलट आता मला जास्तच भीती वाटते कारण माझी मुलगी म्हणते आई पट्टा आहे ना मग चल की. लोकांना शिस्तच नाही का? काय करायचं?
(एक आई)

उत्तर : तुमच्या मुलीने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. पट्टा चालणाऱ्याला धीर देतो, पण गाडीवाल्याचा पाय अॅक्सिलरेटरवरून काढत नाही. अमेरिकेत यावर मोठा अभ्यास झालाय, हजारेक नुसते पट्टे मारलेले क्रॉसिंग आणि तेवढेच बिनपट्ट्याचे शेजारी ठेवून बघितले. दोन लेनच्या साध्या रस्त्यावर अपघातांत फारसा फरक दिसला नाही, आणि जास्त लेनच्या, दिवसाला बारा हजारांवर गाड्या जाणाऱ्या रस्त्यांवर तर नुसत्या पट्ट्यांच्या जागी अपघाताचं प्रमाण जास्त निघालं. याचा अर्थ पट्टे पुसा असा काढू नका हं, बरेच जण तोच काढतात. पट्टे हवेतच, पण त्यांच्या जोडीला अजून काहीतरी लागतं, एवढाच अर्थ.

ते काहीतरी म्हणजे मुख्यतः स्पीड. आता हे जरा बारकाईने सांगते, कारण सगळं याच्यावर उभं आहे. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, गाडी थांबायला किती अंतर लागतं याचा तक्ता असतो. ताशी 20 मैल, म्हणजे आपले साधारण 32 किलोमीटर, तर 12 मीटरमध्ये गाडी थांबते. 30 मैल, म्हणजे 48 किलोमीटर, तर 23 मीटर. यात दोन भाग असतात, आधी डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी जेवढी जाते ते, आणि मग ब्रेक लागल्यावर घसटत जाते ते. 48 च्या स्पीडला पहिल्या भागातच 9 मीटर जातात.

आता समजा तुमची मुलगी गाडीच्या 12 मीटर पुढे रस्त्यात आली. 32 ने येणारा दचकतो, करकचून ब्रेक मारतो आणि तिच्या अगदी पुढ्यात थांबतो, दोघंही घाबरतात, तो चार शब्द बोलतो, विषय संपला. 48 ने येणाऱ्याने तेवढ्याच चपळाईने पाय हलवला तरी ब्रेक लागेपर्यंत 9 मीटर संपलेले असतात, उरलेल्या 3 मीटरमध्ये ब्रेक जेमतेम धरायला लागतो आणि मुलीपर्यंत पोचताना गाडीचा स्पीड अजून 42-43 असतो. ड्रायव्हर तोच, सावधपणा तोच, रस्ता कोरडा, ब्रेक चांगले. आणि हा तक्ता पाऊण सेकंदाच्या आत पाय हलतो असं धरून केलाय, दमलेला किंवा गप्पा मारणारा माणूस एवढा चपळ नसतो.

धडक बसल्यावरचं गणितही तसंच आहे. अमेरिकेतल्या एएए फाउंडेशन या रस्तासुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने 2011 साली हिशेब मांडला होता, धडकेच्या वेळी गाडी 37 किलोमीटरने असेल तर पायी चालणारा दगावण्याची शक्यता सरासरी 10 टक्के, 51 ला 25 टक्के, 68 ला निम्मी. म्हाताऱ्या माणसांना यापेक्षा जास्त. म्हणून रस्तासुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे माणसं आणि गाड्या एकत्र असतात तिथे 30 ची मर्यादा ठेवा असं म्हटलंय, तो आकडा कुणी हवेतून काढलेला नाही.

शिस्तीचं म्हणाल तर, गाडीवाला थांबतो कधी, जेव्हा तो आधीच हळू असतो. 50 ने येणाऱ्याला थांबायचं म्हणजे मागचा ठोकेल का, गिअर, सगळं आलं, तो मनातल्या मनात म्हणतो जाऊ दे, ती थांबेल. 25-30 ने येणाऱ्याला थांबणं काहीच वाटत नाही. तेव्हा पट्ट्यांच्या पुढची मागणी स्पीड कमी करायची करा. कशी, ते खालच्या पत्रात येतंय. आणि मुलीला आत्ताच सांगून ठेवा की पट्टा म्हणजे ओलांडायची जागा, ओलांडायची परवानगी गाडी थांबल्यावर.

प्रश्न : आमच्या रस्त्यावर स्पीड ब्रेकर करा म्हणून अर्धे लोक सह्या गोळा करतायत आणि अर्धे लोक विरोधात, कुणाची कंबर दुखते, कुणी म्हणतं अँब्युलन्स अडकेल, कुणी म्हणतं रात्रभर धडाड धडाड आवाज. मीटिंगमध्ये हातघाईवर आले लोक. तुमचं मत?

उत्तर : दोन्ही बाजू खऱ्या आहेत, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर तो एकच ब्रेकर आहे, अरुंद, उंच, मध्येच डांबराचा गोळा ठेवल्यासारखा. तो ब्रेकर वाईटच. त्यावर लोक जवळजवळ थांबतात, मग राग काढल्यासारखे पुढे पळवतात, दुचाकीवाले कडेच्या फटीतून काढतात, म्हणजे नेमके तुम्ही उभे असता तिथून.

तुम्हाला हवाय तो उंचावलेला क्रॉसिंग, आमच्यात त्याला टेबलटॉप म्हणतात. म्हणजे झेब्रा क्रॉसिंगची सगळी जागाच साडेसात ते दहा सेंटिमीटर उचलायची, वर सपाट, दोन्ही बाजूंना गाडीसाठी हळू चढ-उतार. गाडी 30 च्या आसपास असेल तर कंबरेला झटका बसत नाही, त्याच्या वर गेली की बसतो, म्हणजे ज्याची त्याला शिक्षा. आणि सगळ्यात मोठा फायदा, चालणारा फुटपाथवरून खाली उतरतच नाही, एका पातळीत पलीकडे जातो. बाबागाडी, व्हीलचेअर, गुडघेदुखीवाले, सगळ्यांना सोपं. शिवाय उंचावर उभा माणूस दिसतोही चांगला.

अँब्युलन्सच्या रस्त्यावर ब्रेकरचे तुकडे करतात, मध्ये फटी ठेवतात. मोठ्या गाडीची चाकं लांब लांब असतात, ती फटीतून बरोबर जातात, छोट्या गाडीचं एक तरी चाक वर चढतंच.

एक सांगते, यात आमची फजिती झालेली आहे. एका ठिकाणी टेबलटॉप छान झाला, रंग छान, चढ छान, आणि पहिल्याच पावसात त्याच्या दोन्ही बाजूंना तळं. फुटपाथपर्यंत भरून घेतलं म्हणजे कडेने वाहणारं पाणी अडवलं ना आपण! पाईप किंवा जाळीची गटार ठेवायला विसरलो होतो. लोक तळं चुकवायला टेबलटॉप सोडून दहा पावलं पुढून ओलांडायला लागले. तेव्हा तुमच्या मीटिंगमध्ये कुणी कंत्राटदार आला तर पहिला प्रश्न विचारा, पाणी कुठून जाणार.

प्रश्न : आमच्या चौकात अपघात होतात ते पार्क केलेल्या गाड्यांमुळे असं माझं ठाम मत आहे पण कुणी ऐकत नाही. बरोबर आहे का मी?

उत्तर : बरोबर आहात. क्रॉसिंगच्या तोंडाशी उभी केलेली गाडी भिंतीचं काम करते. सात-आठ वर्षांचं पोर उभ्या जीपच्या मागे पूर्ण झाकलं जातं, त्याला रस्ता दिसायचा तर त्याला गाडीच्या पुढे, म्हणजे चालू रस्त्यातच यावं लागतं, आणि ड्रायव्हरला ते दिसतं तेव्हा वर सांगितलेले 12 मीटरसुद्धा उरलेले नसतात.

यावर उपाय फुकटातला आहे. क्रॉसिंगच्या आधीचे सहा मीटर मोकळे ठेवायचे, साधारण एका मोठ्या गाडीची जागा. कॅलिफोर्नियात कायदाच केलाय, 1 जानेवारी 2025 पासून क्रॉसिंगच्या आधीच्या 20 फुटांत गाडी लावली तर दंड. न्यू जर्सीतलं होबोकेन नावाचं दाटीवाटीचं शहर आहे, तिथे कोपरे मोकळे करायचं काम कितीतरी वर्षं चिकाटीने चाललंय, जोडीला स्पीड कमी, सिग्नलची सुधारणा वगैरेही, आणि 2017 पासून सात वर्षांहून जास्त काळ तिथल्या रस्त्यांवर एकही माणूस वाहतूक अपघातात गेला नाही.

फक्त नुसता पिवळा पट्टा मारून कोपरा मोकळा राहत नाही, संध्याकाळपर्यंत तिथे स्कूटर येते, मग दुसरी. खांब लावा, सायकल स्टँड ठेवा, कुंड्या ठेवा (बुटक्या, नाहीतर झाडाच्या मागे पोर लपेल). सगळ्यात उत्तम म्हणजे फुटपाथच तिथे पुढे काढायचा, उभ्या गाड्यांच्या रांगेइतका. मग चालणारा उभ्या गाडीच्या पुढे येऊन सुरक्षित उभा राहतो, ओलांडायचं अंतरही कमी होतं आणि कोपऱ्याचं वळण काटकोनी झाल्यामुळे गाडीला हळू वळावंच लागतं. गोल गुळगुळीत कोपरा दिसला की लोक ब्रेक न मारता वळतात, हे कुठल्याही कोपऱ्यावर दहा मिनिटं उभं राहून बघा.

प्रश्न : वय 76. सिग्नल हिरवा झाल्या झाल्या निघतो तरी मध्यापर्यंत जातो तोच लुकलुकायला लागतो, मग हॉर्न. परवा एकाने अक्षरशः पायाशी गाडी आणली. मी आता फिरायलाच जायचं सोडलंय. मुलं म्हणतात बाबा तुम्ही हळू चालता. मी हळू चालतो हे मला माहितीये हो.

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून राग आला, तुमचा नाही, त्या सिग्नलचा. तुम्ही हळू चालत नाही, सिग्नलने तुमचा हिशेबच धरलेला नाही. वर्षानुवर्षं माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरून वेळ लावत आले. अमेरिकेने 2009 साली ते 1.07 वर आणलं. आणि 2012 साली इंग्लंडमधल्या पासष्टीच्या पुढच्या लोकांचं चालणं मोजलेला अभ्यास छापून आला, त्यात पुरुषांची सरासरी 0.9 आणि बायकांची 0.8 निघाली. म्हणजे 14 मीटरचा रस्ता 1.2 ने बारा सेकंदांत होतो, 0.8 ने साडेसतरा लागतात. हे मधले साडेपाच सेकंद तुम्ही गाड्यांच्या समोर उभे असता.

मागणी काय करायची, तर वेळ वाढवा, सरळ. सिंगापूरमध्ये 2009 पासून एक सोय आहे, ज्येष्ठांनी आपलं कार्ड खांबावरच्या डब्याला टेकवलं की रस्त्याच्या रुंदीप्रमाणे 3 ते 13 सेकंद जास्त मिळतात, बाकी वेळी सिग्नल नेहमीसारखा. एवढं नसेल जमत तर रस्त्याच्या मध्ये थांबायला जागा मागा. डिव्हायडरवर पाय ठेवण्याइतकी नव्हे, दोन मीटर तरी रुंद, सपाट, कठडा असलेली, म्हणजे अर्धा रस्ता आत्ता, अर्धा पुढच्या वेळी, आणि एका वेळी एकाच बाजूच्या गाड्यांकडे बघायचं. मला विचाराल तर घराजवळच्या रुंद रस्त्यावर सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच. आणखी एक, चालणाऱ्यांचा हिरवा गाड्यांच्या हिरव्याआधी तीन ते सात सेकंद लावायला सांगा, मग वळणाऱ्या गाड्या निघेपर्यंत तुम्ही मधोमध, त्यांना दिसतील असे असता.

आणि तोवर, लुकलुकायला लागलं म्हणून घाबरून मागे फिरू नका. लुकलुकणं म्हणजे नव्याने निघू नका, निघालेल्यांनी पूर्ण करा. निघताना मात्र आधीपासून चालू असलेला हिरवा सोडून द्या, पुढचा ताजा हिरवा पकडा. फिरायला जाणं सोडू नका काका.

प्रश्न : सगळे सल्ले गाडीवाल्यांनाच का? लोक मोबाइलमध्ये डोकं घालून येतात, कुठूनही घुसतात, क्रॉसिंग दोनशे मीटरवर असताना मधूनच उड्या मारतात. मी रोज गाडी चालवतो, आमची बाजू कोण मांडणार?

उत्तर : मांडली बघा, छापलं तुमचं पत्र. मोबाइल बघत रस्त्यात उतरणं मूर्खपणा आहे, यात वाद नाही, कानात बोळे घालून तर त्याहून. पण दोघांची चूक सारखी असली तरी भोगणं सारखं नसतं, तुमच्या गाडीचा बंपर जातो. जगात दरवर्षी रस्त्यांवर साधारण 11 लाख 90 हजार माणसं मरतात आणि त्यात पाचातला एक पायी चालणारा असतो.

दोनशे मीटरचं म्हणाल तर तुम्ही गाडीत बसून सांगताय. दोनशे मीटर जायचं, ओलांडायचं, दोनशे मीटर परत यायचं, पाच-सहा मिनिटं झाली, हातात पिशव्या, ऊन. कोण करेल? मोकळ्या मैदानात बघा, रस्ता कुठेही आखा, लोक चालून चालून पायवाट भलतीकडेच पाडतात, आणि शहाणा माळी तिथेच फरशा टाकतो. लोक जिथून ओलांडतात तिथे क्रॉसिंग द्यायचा, जाळी लावून अडवत बसलं तर जाळीला भोक पडतं.

तुमच्यासाठी मात्र एक कामाची गोष्ट. काचेच्या दोन्ही कडांना जे जाड खांब असतात ना गाडीला, त्यांच्यामागे अख्खा माणूस लपतो. वळताना तुम्ही ज्या वेगाने वळता आणि तो ज्या वेगाने चालतो त्यात तो सगळा वेळ त्या खांबामागेच राहू शकतो, आणि मग लोक म्हणतात "अचानक आला". वळायच्या आधी सीटवर जरा पुढे-मागे हला, खांबामागचं दिसतं. रोज चालवताय म्हणताय तर उद्यापासून करून बघा.

प्रश्न : क्रॉसिंगवर दिवा आहे तरी रात्री माणूस दिसत नाही, असं कसं?

उत्तर : दिवा क्रॉसिंगच्या बरोबर डोक्यावर किंवा पलीकडे असेल. मग डोक्याचा टाळू उजळतो आणि गाडीकडची बाजू काळीच राहते. दिवा गाडी ज्या बाजूने येते त्या बाजूला, क्रॉसिंगच्या तीन-चार मीटर अलीकडे हवा, म्हणजे प्रकाश माणसाच्या अंगावर गाडीच्या बाजूने पडतो. दुतर्फा रस्ता असेल तर दोन दिवे. आणि झाडाची फांदी बघा आधी, निम्म्या वेळा तीच असते.

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. एकटा रस्ता ओलांडू द्यावा का? नवरा म्हणतो आम्ही त्या वयात चार रस्ते ओलांडायचो.

उत्तर : नको. या वयात गाडी लांब आहे की जवळ हे कळतं, ती किती जोरात येतेय हे नीट कळत नाही, डोळ्यांची ती ताकद पुढे येते. मुलगा हुशार असणं आणि हे याचा संबंध नाही. शांत गल्लीत, तुम्ही दोन पावलं मागे, निर्णय त्याने घ्यायचा अशी प्रॅक्टिस सुरू करा. मिस्टरांना सांगा, तेव्हा गाड्या किती होत्या तेही आठवा.

प्रश्न : अर्ज देऊन देऊन थकलो. "बघतो" म्हणतात. काय लिहिलं की हलतात?

उत्तर : "अत्यंत धोकादायक चौक आहे, त्वरित कार्यवाही व्हावी" असले अर्ज ढिगाने येतात, मी त्या टेबलाच्या पलीकडे बसलेली आहे, डोळे वरून घसरतात. मोजून न्या. रस्त्याची रुंदी टेपने. एका आजींना ओलांडायला किती सेकंद लागले, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर. शाळा सुटायच्या अर्ध्या तासात किती माणसं ओलांडली, त्यांच्यासाठी किती गाड्या थांबल्या आणि किती नाही. स्पीडही काढता येतो, रस्त्याकडेला 50 मीटर अंतरावर खडूने दोन खुणा करा, गाडीला ते कापायला 6 सेकंद लागले तर 30 ने गेली, साडेतीनच सेकंद लागले तर 50 च्या वर. चाळीस गाड्यांचे आकडे एका कागदावर आणि लहान मुलाच्या उंचीवरून काढलेला एक फोटो, म्हणजे मोबाइल जमिनीपासून एक मीटरवर धरून, उभ्या गाडीमागून. हा फोटो मी एकदा मीटिंगमध्ये बघितला होता, सगळी स्क्रीनभर नुसतं गाडीचं दार. पुढे कुणी प्रश्न विचारला नाही. आणि मागणी एकच ठेवा, पाच नको, "क्रॉसिंगच्या आधी सहा मीटर पार्किंग बंद आणि दोन खांब", एवढी छोटी की नाही म्हणायला लाज वाटेल. ती झाली की टेबलटॉप.

प्रश्न : कधी कधी एखादा चांगला गाडीवाला थांबतो आणि हाताने "जा जा" करतो. मग धावत जायचं ना, त्याचा खोळंबा नको?

उत्तर : धावायचं अजिबात नाही. तो चांगलाच आहे, पण तो फक्त स्वतःपुरतं सांगतोय. त्याच्या पलीकडच्या लेनमधून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही, त्याला एवढंच दिसतं की पुढचा उगाच थांबलाय, आणि तो शेजारून काढतो. एकाच दिशेच्या दोन लेन असल्या की सगळ्यात वाईट अपघात याच पद्धतीने होतात. म्हणूनच गाड्यांची थांबायची रेघ क्रॉसिंगला चिकटून न मारता बरीच अलीकडे मारायची असते, म्हणजे दोघांना मधून दिसतं. तुम्ही त्याला हात करून पुढे जा, त्याच्या गाडीच्या दुसऱ्या कडेपाशी थांबा, मान काढून पलीकडे बघा, रिकामं असेल तर चला. त्याने हॉर्न वाजवला तर वाजवू दे.